भंगारातला कडीचा डबा, वास्तुशांतीची भेट

शीळफाट्याला भंगारवाल्याकडे ॲल्युमिनियमचा कडीचा डबा मिळाला. पोचे आलेला, पण देखणा! पुढच्या महिन्यात मैत्रिणीची वास्तुशांती, तिला त्यात पानओवा देणार.

तळाला खिळ्याने चार-पाच भोकं पाडा, पण आतून बाहेर. बाहेरून ठोकलं तर कडा आत उचलल्या जातात नि पाणी साचतं.

भोकांवर नारळाची शेंडी, वर माती, गांडूळखत, थोडं कोकोपीट. वीतभर फांदीची खालची पानं काढून दोन पेरं मातीत खोचा. महिनाभर आधी लावा, म्हणजे देताना मुळं धरलेली असतात.

केमिकलचे डबे मात्र फुकट मिळाले तरी नकोत. डोंबिवली, तळोजा एमआयडीसी जवळच. डब्यात आधी काय होतं कोण सांगणार? आणि पानओव्याची तर भजी होतात!

तुमच्याकडे कुठलं भांडं पडून आहे? फोटो टाका, झाड सुचवते.