शके 380 : सप्तर्षी उत्तरांत

नाशिकच्या लेण्यांतली क्षत्रप नहपानाची 41, 42, 45 ही वर्षं आज सोडवायची होती. ती आता पुढच्या खेपेला. फुलसावंगीच्या एका शेतकरी वाचकानं पत्रातून विचारलंय, नाशिक-जुन्नरचं पुष्कळ झालं, आपल्या वऱ्हाडातल्या एखाद्या प्राचीन वर्षाचा नेमका आकडा मिळतो का? मिळतो, आणि फुलसावंगीहून फार लांबही नाही. पुसदवरून वाशीमला जा. हिस्से बोराळा त्याच परिसरात.

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. हे राजे वर्षं मोजत ती आपल्या राज्यारोहणापासून. वाशीमच्या ताम्रपटावर दुसऱ्या विंध्यशक्तीचं वर्ष 37, हेमंताचा पहिला पक्ष, दिवस 4, एवढाच काळ दिलाय. राजा बदलला की गणती पुन्हा एकपासून. म्हणून वाकाटकांच्या सनावळीवरून अभ्यासकांचे वाद संपत नाहीत. हिस्से बोराळ्याच्या शिलालेखात मात्र देवसेन राजाच्या सेवकानं सुदर्शन नावाचं तळं बांधल्याची नोंद आहे, आणि साल आहे शकांचं 380. गतवर्ष धरलं तर इ.स. 458-59, चालू वर्ष धरलं तर 457-58.

माझा जीव जडलाय तो पुढच्या तपशिलावर. त्या वर्षी सप्तर्षी उत्तरांत होते, असं लेख सांगतो. वराहमिहिरानं दिलेला नियम असा: सप्तर्षी एकेका नक्षत्रात 100 वर्षं राहतात, युधिष्ठिराच्या काळी ते मघांत होते, तो काळ शकारंभाच्या 2526 वर्षं आधीचा. आता कागद घ्या. 2526 अधिक 380, झाले 2906. सत्तावीस नक्षत्रांचा एक फेरा 2700 वर्षांचा, तो वजा करा. उरले 206. पहिली शंभर मघांची, दुसरी पूर्वांची, तिसरं शतक उत्तरांचं. बरोबर जुळलं! मघा, पूर्वा, उत्तरा हा क्रम पावसाकडे डोळे लावणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. आकाशात सप्तर्षी असे सरकत नाहीत, ही निव्वळ गणिताची गती. पण वराहमिहिर सहाव्या शतकातला. त्याच्या आधीच हा हिशेब वऱ्हाडातल्या दगडावर कोरला गेला होता, हे केवढं मोठं!

458 हा आकडा मात्र त्या वर्षी जगात कुणीच लिहिला नाही. ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजण्याची पद्धत डायोनिसियसनं काढली ती 525 मध्ये. रोमकर वर्षाला कॉन्सलांची नावं देत. त्या वर्षीचे कॉन्सल होते लिओ आणि माजोरियन हे दोघे सम्राट.

याहून जवळचा धागा जुनागढचा. तिथलाही तलाव सुदर्शनच. गुप्त संवत 136 च्या भाद्रपदात त्याचा बांध फुटला आणि 137 मध्ये, स्कंदगुप्ताच्या अमलात, चक्रपालितानं तो पुन्हा बांधला. म्हणजे इ.स. 456-57, आपल्या तळ्याच्या जेमतेम वर्ष-दोन वर्षं आधी. वत्सगुल्मकरांनी नाव तिथूनच घेतलं असावं, असं मला वाटतं. पण मग नावाबरोबर गुप्तांचा संवत का नाही घेतला? शकांचाच आकडा का कोरला? हा माग क्षत्रपांकडे जातो, तेव्हा पुढच्या आठवड्यात नहपान चुकत नाही.