प्रसूतिकक्षातील अपुऱ्या प्रकाशात पहिले छायाचित्र टिपताना

द्वारका (नवी दिल्ली) : बाळाच्या जन्माचा क्षण व्यावसायिक छायाचित्रकाराकडून टिपून घेण्याची प्रथा महानगरांतील काही कुटुंबांत रुजू लागली आहे. लग्नात वधूवरांना हार पुन्हा घालायला सांगता येते. जन्माची पुनरावृत्ती नाही. म्हणूनच या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्याची खरी परीक्षा पाहतो तो प्रसूतिकक्षातला प्रकाश.

हा प्रकाश एकसंध नसतो. वेणांच्या काळात दिवे बहुधा मंद ठेवले जातात. प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांचा प्रखर दिवा खाटेच्या एकाच भागावर रोखला जातो आणि आईचा चेहरा अंधारातच राहतो. कॅमेरा स्वयंचलित मापनावर सोडला तर तो त्या दोन टोकांमध्ये गोंधळतो. अशा वेळी मापन हाती घेऊन ते आईच्या चेहऱ्यावरून ठरवावे, मात्र बाळाच्या अंगावर प्रखर प्रकाश पडताच ते उतरवण्याची तयारी ठेवावी. पांढरेफट्ट झालेले कातडे नंतर सावरता येत नाही; सावलीतला तपशील रॉ फाइलमधून बराचसा परत मिळतो.

फ्लॅश मात्र बॅगेतच राहू द्यावा. टाके घालणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष विचलित होणे कोणत्याही छायाचित्रापेक्षा महाग आहे. कॅमेऱ्याच्या फोकससाठी लागणारा छोटा सहायक दिवाही आठवणीने बंद करावा; नवशिक्यांकडून तो हमखास राहून जातो.

फ्लॅश नाही, तर प्रकाश आणायचा कुठून? लेन्समधून. कॅमेऱ्यासोबत मिळणारी सामान्य झूम लेन्स ५५ मिलिमीटरवर साधारण एफ/५.६ पर्यंतच उघडते. त्याऐवजी ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स लावली, तर जवळपास दहापट प्रकाश आत येतो, आणि ही लेन्स तुलनेने स्वस्तही असते. त्यावर आयएसओ ३२०० ते ६४०० पर्यंत नेण्यास कचरू नये. दाणेदार छायाचित्र पालक आनंदाने जपतात. हललेले जपत नाहीत. कमी आयएसओवर काळपट छायाचित्र घेऊन नंतर संगणकावर उजळवले, तर रंग अधिकच बिघडतात.

याहून फसवा प्रश्न लुकलुकण्याचा. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण वेगवान शटर त्या चक्राचा तुकडाच पकडते आणि छायाचित्रावर काळपट पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवल्यास पूर्ण चक्रे सामावतात व पट्टे टळतात. आवाज नको म्हणून वापरले जाणारे इलेक्ट्रॉनिक शटर येथेच घात करते, कारण ते चित्र ओळीओळीने वाचते. काही एलईडी दिव्यांचे लुकलुकणे वेगळ्याच गतीचे असते. तेव्हा खोलीत शिरताच भिंतीची दोन-चार चाचणी छायाचित्रे घेणे हाच भरवशाचा उपाय.

रंगाचा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. छतावरचा निळसर पांढरा दिवा, बाळाला ऊब देणाऱ्या उपकरणाची नारिंगी झाक आणि शस्त्रक्रियागृहातील हिरव्या कापडांवरून परावर्तित होणारा रंग एकाच वेळी बाळाच्या कोवळ्या त्वचेवर पडतात. व्हाइट बॅलन्स चुकला की बाळ पिवळे दिसते आणि घरी आजी काविळीची चौकशी सुरू करते. निळसर दिसले तर काळजी आणखी वाढते. पांढऱ्या टॉवेलवरून संतुलन आधीच ठरवून ठेवावे. रंगांचा मेळ बसतच नसेल तर कृष्णधवल हा प्रामाणिक मार्ग आहे.

द्वारकेत काम करणाऱ्यास दिल्लीच्या हिवाळ्याचेही भान हवे. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतिकक्षाचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवण्यास सांगते. डिसेंबरच्या रात्री थंडीतून आलेला कॅमेरा अशा उबदार खोलीत तत्काळ उघडला तर लेन्सवर दव जमते. बॅग न उघडता अर्धा तास आत राहू द्यावी. बोलावणे उशिरा आले तर तो अर्धा तास मिळत नाही, हेही खरे.

उभे राहण्याची जागा आईच्या उशाशी, एका बाजूला. तेथून तिचा चेहरा दिसतो, लाज राखली जाते आणि निर्जंतुक क्षेत्रही सुटते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांतील प्रसूतिकक्षात एका स्त्री-सोबतीस परवानगी दिली. ती जागा आईला धीर देणाऱ्या व्यक्तीची आहे, कॅमेऱ्याची नव्हे. खासगी रुग्णालयातही आईची संमती आणि रुग्णालयाची लेखी परवानगी आधीच घ्यावी, व डॉक्टरांनी बाहेर जाण्यास सांगताच प्रश्न न विचारता निघावे.

नाळ कापण्यापूर्वी एक ते तीन मिनिटे थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती पाळली जाते तेथे बाळ आईच्या छातीवर विसावलेले असते आणि छायाचित्रकाराला सर्वांत मोलाची संधी मिळते. त्या मिनिटांत बटणे शोधत बसायचे नसेल, तर आदल्या आठवड्यात घरीच पडदे ओढून, एका टेबललॅम्पच्या उजेडात टॉवेलात गुंडाळलेल्या बाहुलीवर हा सराव करता येतो.