शिष्यवृत्तीला लागलेली मुलं

शिष्यवृत्तीचा निकाल आला की शिक्षकांच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यंदा तुमची किती मुलं लागली?’ गावात फलक झळकतो, सरपंचांच्या हस्ते सत्कार होतो आणि मुलांबरोबर गुरुजीही थोडे मिरवून घेतात. मिरवू देत. शाळा सुटल्यावर जादा तास घेणारे आणि प्रसंगी पदरमोड करून सराव पेपर छापून आणणारे तेच असतात. परीक्षा सरकार घेतं, यादीही सरकारच लावतं. त्या यादीपर्यंत मूल पोचवण्याचं काम मात्र कुणाच्या तरी हौसेवर चालतं.

हुशार मुलांसाठी सरकारने खर्च करावा का, हा वाद आपल्याकडे फारसा होत नाही. ‘ती काय, कुठेही चमकतातच’ असं म्हणून विषय संपतो. ज्या घरात पुस्तकं आहेत, आई अभ्यास घेते आणि क्लासची फी भरणं जड जात नाही, तिथे हे बरंचसं खरंही आहे.

इतर घरांचं काय होतं, याचं उत्तर मुंबईत मिळालं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या शाळांमधली अनुसूचित जातींची काही मुलं निवडली आणि त्यांना काही वर्षं नियमित जादा मार्गदर्शन दिलं. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांचं हे काम. मुलांची अडचण बुद्धीत नव्हती. पाठ्यपुस्तकाची भाषाच त्यांच्या घरच्या बोलीपासून इतकी लांब होती की विज्ञानाचा प्रश्न पोचायच्या आधी वाक्यच अडायचं. भाषेची ही गाठ सुटू लागली, प्रयोग हाताने करून पाहता आले, प्रश्न विचारायची भीड मोडली, आणि हीच मुलं शालान्त परीक्षेत अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली. चाचणी आधी घेतली असती तर त्यांतली बरीचशी गाळली गेली असती. प्रज्ञाशोधाच्या कोणत्याही सरकारी योजनेने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवायला हवी होती.

आपली सगळी यंत्रणा नेमकी उलट्या क्रमाने चालते. पाचवीच्या शिष्यवृत्तीला दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर असतात: एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. ‘गटात न बसणारं पद’ किंवा सांकेतिक भाषेचे प्रश्न हे ज्याने शेकडो वेळा सोडवलेत आणि जो पहिल्यांदाच बघतोय, त्या दोघांची बुद्धी एकाच फुटपट्टीने मोजली जाते. २०१६-१७पासून ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली. जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा चौथीपर्यंतच. त्यामुळे तयारी कुणाची आणि श्रेय कुणाचं, हे कळेनासं झालं आणि जादा तासांचा उत्साहही ओसरला. आता परीक्षा पुन्हा चौथी-सातवीकडे वळवण्याचा निर्णय झाला आहे. बरं झालं. २०२३मध्ये रक्कमही वाढली: पाचवीसाठी वर्षाला पाच हजार रुपये, आठवीसाठी साडेसात हजार. बक्षीस म्हणून ठीक. पण पैसे खात्यात जमा झाल्यावर त्या मुलाला नवीन काय शिकवायचं, हे कुठल्याच शासन निर्णयात सापडत नाही.

निवडीनंतरची जबाबदारी सरकारने घेतल्याची उदाहरणं आहेत, थोडी पण ठसठशीत. मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना १९६६च्या सुमारास पुसेगाव, धुळे, औरंगाबाद, अमरावती अशा ठिकाणी शासकीय विद्यानिकेतनं निघाली. ग्रामीण भागातली हुशार मुलं निवडायची, राहण्या-जेवणाची सोय करायची आणि दहावीपर्यंत चांगलं शिकवायचं. कल्पना लखलखीत होती, पण शाळा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. पुढे १९८५-८६मध्ये केंद्राने नवोदय विद्यालयं काढली. देशातली पहिली दोन हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना, आणि नववीत काही मुलांची हिंदी व अहिंदी प्रांतांमध्ये वर्षभरासाठी अदलाबदल. सहावीला साधारण ऐंशी जागा आणि त्यांसाठी हजारोंची रांग. रांग लागली की क्लास निघतात. नवोदयचे क्लास आता तालुक्याच्या गावीही आहेत, म्हणजे ज्याला फी परवडते तो इथेही पुढे.

राष्ट्रीय पातळीवर तर पाय मागेच पडलाय. १९६३पासून चाललेला राष्ट्रीय प्रज्ञाशोध गेली काही वर्षं थांबला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीची एनएमएमएस शिष्यवृत्ती सुरू आहे. नववी ते बारावी, वर्षाला १२ हजार. मात्र दर वर्षी पोर्टलवर अर्जाचं नूतनीकरण, शाळेची पडताळणी, मग जिल्ह्याची. आठवीतल्या मुलाने बुद्धिमत्ता सिद्ध केल्यावर चिकाटीची परीक्षा त्याच्या पालकांनी द्यायची.

यावर फार मोठा खर्च न करता एक गोष्ट करता येईल. तिसरीपासून शाळांच्या प्रत्येक समूह-केंद्रात आठवड्यातून दोन जादा तास सरकारनेच लावायचे, मानधन गुरुजींना द्यायचं आणि बसायचं ज्याला आवडेल त्याने, आधी चाचणी न घेता. शिष्यवृत्तीची परीक्षा त्यानंतर खुशाल घ्यावी.