भाकरी राहू द्या, तेल मोजा

वजन कमी करायचं ठरलं की आपल्या घरांत पहिली कुऱ्हाड भाकरीवर पडते. एक वेळचं जेवण बंद, नाहीतर कुणीतरी सांगितलेली महागडी पावडर. आठ दिवसांत अशक्तपणा येतो आणि सगळं सुटतं. आमचं म्हणणं, आधी तेलाच्या बरणीकडे पाहा.

एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, पिठात जेमतेम साडेतीन. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास एक लहान भाकरी! रश्श्यावर तर्री नसली तर घास उतरत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. तरी चार माणसांच्या घराला महिन्याला अडीच लिटर तेल पुरे. एक तारखेला तेवढंच वेगळं काढा आणि त्यातच भागवा. बोंबील, सुकट तळण्याऐवजी तव्यावर भाजा.

दुसरा चोर चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं म्हणते. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत जा.

माता-भगिनींचं दुखणं वेगळंच आहे. त्या सर्वांत शेवटी जेवतात. तोवर डाळ, अंडी, मटणाच्या फोडी संपलेल्या असतात. उरतो तो भात, आणि टाकवत नाही म्हणून तोच पोटात जातो. त्यामुळे वजन वाढतं आणि रक्त मात्र कमीच राहतं. तेव्हा भात मापून शिजवा आणि घरच्या बाईची डाळ-अंडं आधी बाजूला काढा. हे काम घरातल्या पुरुषांनी अंगावर घ्यावं.

संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत भगवंतांकडे येतो. द्रोणभर भात खाणारा तो (हा पत्रावळीचा द्रोण नव्हे, धान्याचं मोठं माप). भगवंतांनी त्याला उपाशी राहायला सांगितलं नाही, मात्रा ओळखून जेवायला सांगितलं. राजाने खाणं हळूहळू कमी केलं आणि अंगाने हलका झाला.

जोडीला चालणं हवं: रोज ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. पहाटे एकटीला बाहेर पडायला नको वाटत असेल तर गल्लीतल्या चौघी मिळून निघा. पावसाळ्यात घरातच जागच्या जागी पावलं टाका, उठाबशा काढा.

महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी पुष्कळ. वजनकाटा नसेल तर शिंप्याच्या टेपने कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी सध्या वजन उतरवण्याच्या मागे लागू नये.