पिस्टन नसलेलं इंजिन: समज आणि वस्तुस्थिती

वँकेल रोटरी इंजिन ही जपानी शर्यतीच्या गाड्यांपुरती गोष्ट, आपल्याकडे ते कुणी केलेलंच नाही, ही समजूत आधी दूर करू. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-कड्याची माणसं दवाखान्याला, बाजाराला ज्या नगरला जातात, तिथल्याच डीआरडीओच्या वाहन संशोधन व विकास संस्थेने, म्हणजे व्हीआरडीईने, बंगळुरूच्या संस्थांच्या साथीने असं इंजिन घडवलं. ५५ अश्वशक्ती, एकच रोटर, वजन साधारण ३० किलो. २९ मार्च २००९ रोजी कर्नाटकात कोलारजवळ ‘निशांत’ हे वैमानिकरहित टेहळणी विमान या इंजिनावर उडालं. त्याआधी त्याला परदेशी इंजिन लागत असे. पुढे विमानांचे अपघात झाले आणि २०१५ मध्ये लष्कराने निशांतचा नाद सोडला. पण हे इंजिन देशात बनू शकतं हे तोवर सिद्ध झालं होतं. शेजारच्या जिल्ह्यातलं हे काम बीडच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता ते चालतं कसं ते पाहू. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात पिस्टन खाली-वर होतो आणि क्रँक त्यातून फिरती गती काढते. वँकेलमध्ये पिस्टनच्या जागी फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर असतो आणि सिलिंडरच्या जागी मधोमध किंचित आत दबलेलं लंबगोल घर. रोटरचे तिन्ही कोपरे कायम घराच्या भिंतीला टेकलेले राहतात. त्यामुळे तीन कप्पे पडतात, आणि रोटर सरकेल तसा प्रत्येक कप्पा लहान-मोठा होत जातो. वेगळे व्हॉल्व्ह नसतात. मिश्रण आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची भिंतीतली तोंडं रोटरच उघडतो आणि झाकतो.

व्हॉल्व्ह नाहीत म्हणून हे टू-स्ट्रोक, असं पुष्कळजण धरून चालतात. तसं नाही. मिश्रण ओढणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही चारही कामं इथे स्वतंत्रपणे होतात. फरक एवढाच, की ती घराच्या वेगवेगळ्या भागांत होतात आणि तिन्ही कप्प्यांत एकाच वेळी काही ना काही चालू असतं.

रोटर भयंकर वेगाने गरगरतो, हाही गैरसमजच. बोटात सैल बांगडी घालून फिरवून पाहा: बोटाभोवती तिच्या घिरट्या पुष्कळ होतात, पण बांगडी स्वतः हळूच वळत जाते. रोटरच्या आतलं दातेरी कडं स्थिर गिअरभोवती अगदी तसंच फिरतं. रोटरची एक घिरटी म्हणजे तो फिरवत असलेल्या मधल्या शाफ्टचा एक फेरा. दात्यांचं प्रमाण ३ ला २, म्हणून शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. शाफ्ट मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर रोटर ३,०००च घेतो. त्याच्या एका फेऱ्यात तीनदा मिश्रण पेटतं, म्हणजे शाफ्टच्या दर फेऱ्याला एकदा. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात शाफ्टचे दोन फेरे झाल्यावर एकदा पेटतं. एवढ्याशा इंजिनातून इतकी ताकद निघते ती यामुळे.

भाग कमी म्हणजे झीज कमी, हा समज मात्र महागात पडलेला आहे. फेलिक्स वँकेल यांचं पहिलं इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चाललं. १९६७ ला आलेल्या एनएसयूच्या आरओ ८० गाडीची बरीच इंजिनं लवकर निकामी झाली. दुखणं होतं रोटरच्या कोपऱ्यांवरच्या सीलमध्ये. पिस्टनच्या रिंगचं काम त्या करतात, पण भिंतीला घासत, दर क्षणी कोन बदलत. जपानच्या माझ्दा कंपनीच्या प्रयोगांत या सील थरथरून भिंतीवर ओरखडे पाडत. केनिची यामामोतो यांच्या चमूने त्यावर उपाय शोधला तेव्हा कुठे १९६७ मध्ये त्यांची कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली. या सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑईल मुद्दाम आत सोडतात आणि ते जळतं. ‘इंजिन ऑईल खातंय म्हणजे रिंग गेल्या’ हा आपल्या मिस्त्रींचा अनुभवाचा नियम इथे लागू पडत नाही.

मग हे इंजिन मोठ्या कंपन्यांनी दडपलं का? १९९१ मध्ये माझ्दाची चार रोटरची ७८७बी ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली आणि म्हणूनच रोटरीवर बंदी आली, असंही सांगितलं जातं. खरं तर साडेतीन लिटरच्या इंजिनांचे नवे नियम त्या विजयाच्या आधीच ठरलेले होते. रोटरीला मागे सारलं ते तिच्याच आकाराने. पेटण्याची जागा लांबट आणि पातळ, त्यामुळे बरीच उष्णता भिंती शोषून घेतात आणि काही इंधन न जळताच बाहेर पडतं. १९७३ नंतर तेल महागलं, प्रदूषणाचे नियमही कडक होत गेले, आणि जनरल मोटर्सनेही आपली रोटरीची योजना सोडली.

आपल्या शिवारात हे इंजिन का दिसत नाही, याचं उत्तरही त्यातच आहे. डिझेल आपोआप पेटायला हवा फार दाबावी लागते, आणि या लांबट कप्प्यात तेवढा दाब मिळवणं कठीण. शिवाय पंपाला आणि ट्रॅक्टरला कमी फेऱ्यांत जोर हवा आणि तासाला कमी इंधन. रोटरीला दोन्ही जड जातं. टेहळणी विमानाची गरज याच्या उलट असते. तिथे वजनाचा प्रत्येक किलो मोजावा लागतो, आणि कंपनं कमी असली तर कॅमेऱ्याचं चित्र स्थिर राहतं. गाड्यांतही ते संपलेलं नाही: २०२३ मध्ये माझ्दाने ८३० सीसीचं एक रोटरचं इंजिन एमएक्स-३० या गाडीत बसवलं. ते चाकं फिरवत नाही, बॅटरीसाठी वीज तयार करतं.