उघडी सावली आणि व्यक्तिछायाचित्रण

व्यक्तिछायाचित्रात चेहऱ्याचे सौंदर्य प्रकाशाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या स्वरूपावर अधिक अवलंबून असते. सूर्य प्रचंड असला, तरी पृथ्वीवरून तो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्यामुळे भर दुपारी त्याचा प्रकाश एखाद्या बिंदूतून आल्यासारखा पडतो, नाकाखाली धारदार कडांच्या सावल्या उमटतात आणि डोळे काळोखात बुडतात. अशा वेळी व्यक्तीला पडवीच्या कडेला किंवा इमारतीच्या सावलीत, परंतु मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभे केल्यास विस्तीर्ण आकाशच प्रकाशाचा स्रोत बनते आणि सावल्यांच्या कडा हळुवार विरत जातात. अशा जागेला उघडी सावली म्हणतात. मात्र तेथील प्रकाशाला निळसर छटा असते. प्रकाशाची छटा दर्शवणारे रंगतापमान केल्विन या एककात मोजतात; ते जितके अधिक, तितका प्रकाश निळसर. ते दुपारच्या उन्हात सुमारे ५५००, तर सावलीत बहुधा ७००० केल्विनच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. म्हणून कॅमेऱ्यातील श्वेतसंतुलन, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची योजना, सावलीनुसार बदलावी, अन्यथा त्वचा निस्तेज भासते. डोळ्यांच्या बुबुळांत आकाशाचे चमकते प्रतिबिंब दिसू लागले, की जागा योग्य निवडली गेली असे समजावे, कारण त्या प्रतिबिंबानेच नजर सजीव होते.