सूर्यावरचा ठिपका आणि बार्शीची पोरं

सूर्यग्रहणासारखं काही दुर्मीळ घडणार म्हटलं की आपल्याकडे चष्मे वाटतात. लोक रांग लावतात, डोकावतात, "दिसलं" म्हणतात आणि घरी जातात. तेवढ्यावर समाधान मानू नये, असं माझं ठाम मत आहे. लोकांच्या हाताला काम द्यावं. बार्शीत विज्ञान शिकवताना हे मत पक्कं झालं, ते ८ जून २००४च्या शुक्राच्या अधिक्रमणामुळे.

शुक्र नेमका पृथ्वी आणि सूर्याच्या मध्ये आला की सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना दिसतो. तेच अधिक्रमण. साधारण १९ महिन्यांनी शुक्र आपल्याला असा ओलांडून जातोच, पण त्याची कक्षा आपल्या कक्षेशी ३.४ अंशांनी कललेली असल्यानं बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून किंवा खालून निसटतो. योग जुळला तर आठ वर्षांत दोनदा जुळतो आणि मग शंभराहून जास्त वर्षं नाही. १८७४ आणि १८८२, नंतर २००४ आणि २०१२, आणि आता थेट २११७.

शाळेला सुट्टी होती, तरी निरोप धाडल्यावर पोरं आली. आम्ही प्लास्टिकच्या चेंडूत वाळू भरली, वर आरशाचा तुकडा चिकटवला आणि त्यावर अर्ध्या सेंटिमीटरचं भोक पाडलेला काळा कागद लावला. चेंडू मैदानात चुंबळीवर ठेवला, म्हणजे तो हवा तसा फिरवता येतो. कवडसा तीस मीटरवरच्या वर्गात सोडला. वर्गाच्या खिडक्यांना गोणपाट लावलं होतं. समोरच्या भिंतीवर सूर्य उमटला, जवळजवळ अठ्ठावीस सेंटिमीटर रुंद! सूर्य सरकतो तसा कवडसाही भिंतीवरून सरकतो, म्हणून एक मुलगा सारखा चेंडूजवळ बसून तो हलके हलके वळवत होता.

भोक मोठं केलं तर काय होईल, असं एकीनं विचारलं. करून बघ म्हटलं. प्रतिमा उजळली, पण कडा पुसट झाल्या. मग तिनं तिकोनी भोक कापलं. भिंतीवरचा सूर्य गोलच राहिला, कारण भिंतीवर भोकाची नव्हे, सूर्याचीच प्रतिमा पडते. हे मी फळ्यावर कितीदा तरी शिकवलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं, ते फळ्यानं कधी उमटवलं नव्हतं.

पावणेअकराच्या सुमारास कडेला खाच पडल्यासारखी दिसली आणि विसेक मिनिटांत अख्खा ठिपका आत आला. एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. "बाई, ही पहाटेची चांदणीच ना? मग काळी कशी?" मी उत्तर द्यायच्या आत नातूच म्हणाला, "आजी, आपल्याला तिची पाठमोरी बाजू दिसतेय, ऊन पलीकडून पडतंय." पोरांनी पट्टीनं ठिपका मोजला. एक सेंटिमीटरही भरेना. हा शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढा आहे आणि सूर्यापेक्षा आपल्याला कितीतरी जवळ आहे, हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला.

आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ मात्र आम्ही दुर्बिणीतून कागदावर पाडलेल्या प्रतिमेवर टिपली. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, ही सक्त ताकीद होती. घड्याळं आकाशवाणीच्या टिकटिकीवर लावलेली होती. या वेळा महत्त्वाच्या. पृथ्वीवर दूरदूरच्या ठिकाणांहून पाहिलं तर शुक्राची वाट सूर्यावर थोडी वेगळी पडते, वेळा बदलतात आणि त्या फरकातून सूर्याचं अंतर काढता येतं. एडमंड हॅलीनं १७१६ मध्ये ही युक्ती मांडली. तिच्यासाठी ल जॉन्तिल हा फ्रेंच माणूस पाँडिचेरीला निघाला. १७६१ला युद्धामुळे बोटीवरच अडकला, पुढच्या अधिक्रमणासाठी आठ वर्षं थांबला आणि १७६९ला ढग आले. त्याची गोष्ट सांगताना आजही माझा गळा दाटतो.

१८७४च्या अधिक्रमणाआधी मद्रास वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी सामान्य माणसासाठी पुस्तिका लिहिली, ती इंग्रजीबरोबर देशी भाषांतूनही निघाली. वेधशाळेतल्या माणसाला लोकांची एवढी फिकीर वाटावी, याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि २००४ला तर लोकांनीच मोजलं. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या पुढाकारानं शाळा आणि हौशी निरीक्षकांकडून साडेचार हजारांच्या आसपास वेळा गोळा झाल्या. त्यातून आलेलं सूर्याचं सरासरी अंतर खऱ्या १४ कोटी ९६ लाख किलोमीटरांच्या अवघं अकरा हजार किलोमीटर जवळ होतं.

आता शुक्र नाही, पण १३ नोव्हेंबर २०३२ला, शनिवारी, बुधाचं अधिक्रमण आहे. दुपारी बारानंतर सुरू होऊन साडेचारच्या सुमारास संपेल, म्हणजे महाराष्ट्रातून अथपासून इतिपर्यंत दिसेल. बुधाचा ठिपका इतका बारीक असतो की आरशाच्या चेंडूनं भागणार नाही, दुर्बीणच हवी. चेंडूचा सराव २ ऑगस्ट २०२७च्या खंडग्रास सूर्यग्रहणाला करून घ्यावा, पावसानं उघडीप दिली तर. दुर्बिणीसाठी तालुक्यातल्या चार-पाच शाळांनी मिळून वर्गणी काढावी आणि वेळा टिपायला आज तिसरी-चौथीत असलेल्या पोरांना आतापासूनच हाताशी घ्यावं.